चौथा दोर

टेकडीच्या उतारावर एक घर होतं. भिंती मातीच्या, छप्पर गवताचं. घरात रोज नाचणीची भाकरी. कधी सोबत सुकट, कधी नुसतं मीठ. पण अंगण असं सारवलेलं, की सांडलेला दाणा उचलून खावा.

या घरात मथुरा राहायची. वय नऊ. सगळे तिला मथी म्हणत. मथी कामाची पोर. झऱ्यावरून पाणी आणायची, शेळीला पाला घालायची. पाखराचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं, तर ओंजळीत घेऊन घरट्यात ठेवायची. मनाची चांगली होती. पण चार महिन्यांपासून तिच्या मनात एक निखारा धुमसत होता.

त्याचं कारण अंबू. अंबू मथीची मावसबहीण, एका वर्षाने लहान. तिचे वडील आधीच गेले होते. मग आई तापाने गेली. तेव्हा मथीच्या आईने तिला घरी आणलं. अंबूचे डोळे टपोरे, आवाज इवलासा. तिच्याजवळ एक लाल रेशमी रिबीन होती. तिच्या आईची ती शेवटची खूण.

रोज सकाळी आई वेण्या घालायला बसायची. आधी अंबूची, मग मथीची.

"आधी तिची का?" मथीने विचारलं.

"तिच्या केसांत गुंता फार होतो."

दुसऱ्या दिवशी मथीने आपल्या केसांत गवताची कुसळं चोळली. चांगला गुंता केला. आईने तरीही आधी अंबूचीच वेणी घातली, आणि मथीला वर एक धपाटा दिला.

त्या घरात एक रीत होती. बाबा दरवर्षी काथ्याचे चार दोर स्वतः वळायचे. छपरावरून टाकायचे आणि चार कोपऱ्यांना जमिनीतल्या चार खुंट्यांशी आवळून बांधायचे. मग कितीही वारा येवो. त्या वर्षी तीन दोर चढले होते. चौथाही वळून झाला होता. बाबांनी त्याचा फणसाला झोका बांधला.

"चार दिवस झुलू दे पोरीला," ते म्हणाले. "मग चढवू छपरावर."

पोरीला म्हणजे अंबूला. मथीने ते ऐकलं. बाबांनी तिला कधी झोका बांधून दिला नव्हता. तिने मागितला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मथीने कोयती घेतली आणि झोका तोडला. एक तुकडा, दोन तुकडे, सात तुकडे केले. सगळे करवंदीच्या जाळीत फेकले.

"दोर कुठे गेला?" बाबांनी विचारलं.

"शेळीने खाल्ला असेल," मथी म्हणाली.

बिचारी शेळी दोन दिवस लांब बांधलेली राहिली. बाबा नवा दोर वळायला बसणार, तोच त्यांच्या पायावर दगड पडला. पाय सुजून भोपळ्याएवढा झाला. ते खाटेवर पडले.

आणि मग तो दिवस आला. दुपारीच आभाळ तांब्यासारखं लाल झालं. वारा पूर्ण थांबला. पानसुद्धा हलेना. पाखरं मुकाट्याने डोंगराकडे गेली.

बाबा खाटेवरून उठू पाहत होते. "वादळ येतंय," ते म्हणाले. "चौथा कोपरा मोकळा आहे. तो उचलला तर सगळं छप्पर जाईल. छप्पर गेलं की मातीच्या भिंती किती वेळ उभ्या राहणार?"

आईने घरातले दोर शोधले. विहिरीचा दोर कुजका, शेळीचा दोर आखूड.

मथी धावत निघाली, ती थेट पोफळीच्या बागेपलीकडच्या करवंदीच्या जाळीकडे. हात ओरबाडले, पण सातही तुकडे मिळाले. ते छातीशी धरून ती माघारी वळली.

बागेत एक झावळी पडली होती. तिच्याखालून चांदीचं घुंगरू वाजावं तसा आवाज आला. मथीला घाई होती. तरी ती थांबली. तुकडे खाली ठेवले आणि झावळी उचलली.

खाली एक परी होती. करंगळीएवढी. अंगात सोनचाफ्याच्या पाकळीचा पिवळाधमक झगा, पायांत दवाच्या थेंबांचे पैंजण. पंखांवर निळा, जांभळा, मोरपिशी रंग लुकलुकत होता. एक पंख झावळीखाली दुमडला होता. मथीने तो बोटाच्या टोकाने हळूच सरळ केला.

"तुझी बोटं फार मऊ आहेत, बाळ," परी म्हणाली. "तीन गोष्टी माग. पण नियम ऐकून घे. मागायचं मोठ्याने. मी मात्र तोंडाकडे बघत नाही, मनाकडे बघते. तोंडात एक आणि मनात दुसरं असेल, तर जे मनात आहे तेच मिळेल."

"सोपं आहे," मथी म्हणाली. "आमच्या छपराला दोर दे."

तोंडाने ती दोर म्हणाली. पण म्हणताना तिला वाटलं, नवा दोर आला की बाबा पुन्हा झोका बांधतील, आणि पुन्हा ती लाल रिबीनवाली त्यावर बसेल. मथीच्या हातात काहीतरी सळसळलं. ती लालचुटूक रेशमी रिबीन होती. अंबूच्या रिबिनीहून दुप्पट लांब, काठाला सोनेरी टिकल्या.

"मी हे मागितलं नव्हतं."

"मागितलंस," परी हळूच म्हणाली. "अजून दोन आहेत."

मथीने डोळे मिटले. खूप विचार केला. "बाबांचा पाय बरा कर. ते स्वतः बघतील काय करायचं ते."

पण पाय म्हटल्यावर तिला बाबांच्या खाटेशी बसलेली आई दिसली. आईच्या मांडीला टेकून बसलेली अंबू दिसली. तेवढ्यात मथीच्या केसांत कोणाची तरी बोटं फिरू लागली. अगदी आईसारखी. गुंता सुटला, वेणी झाली, वेणीत अबोलीची चिमुकली फुलं माळली गेली. सगळ्यांच्या आधी, एकट्या मथीची वेणी.

मथी मटकन खाली बसली आणि रडली. वेणी सुंदर होती. म्हणूनच तिला जास्त रडू आलं.

"तिसरं?" परीने विचारलं.

"नको. मला माझ्या मनाची भीती वाटते."

"मग मी तुझ्याबरोबर येते," परी म्हणाली आणि तिच्या वेणीत फुलांमध्ये जाऊन बसली.

रिबीन तिथंच टाकून, तुकडे उचलून मथी घरी पोचली तेव्हा वाऱ्याचा पहिला झोत आला होता. तिने दोराचे तुकडे खाटेपुढे टाकले.

"मी तोडला," ती म्हणाली. "शेळीने नाही."

बाबांनी तुकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिलं. "कोयतीने?"

"हो."

"गाठी मार. लवकर."

एवढंच बोलले. मार बसला असता तर मथीला बरं वाटलं असतं.

दोघी मुली जमिनीवर बसून गाठी मारू लागल्या. अंबूने एक तुकडा हातात फिरवला. तिने तो ओळखला.

"माझा झोका तू तोडलास? का गं?"

"आई तुझी वेणी आधी घालते. बाबा तुला झोका बांधतात. सगळं तुला." मथी खाली बघून बोलत होती. "मला तू आवडत नव्हतीस."

अंबूने गाठ आवळली. "मला पण तू आवडत नव्हतीस."

"मी काय केलं तुझं?"

"तू तिला आई म्हणतेस. मी मावशी म्हणते. रात्री जाग आली की तू नुसतं 'आई' म्हणतेस, आणि ती झोपेतच ओ देते. मी रोज ऐकते."

आपल्याजवळ असं काही आहे, ज्याचा कोणी हेवा करावा, हे मथीला माहीतच नव्हतं.

सात तुकडे जोडून झाले. आईने काठीने दोर छपरावरून पलीकडे टाकला आणि वरच्या वाशाला अडकवला. तिघी घराच्या मागच्या कोपऱ्याशी आल्या. दोर खाली ओढला. गाठींनी लांबी खाल्ली होती. दोर खुंटीला पोचेना. दोन हात कमी पडला.

"धरून ठेवू," आई म्हणाली. तिघींनी दोर धरला.

मग वादळ आलं. झाडं जमिनीला टेकली. गवत, पानं, टोपल्या, कोणाच्या तरी गोठ्याचं अर्धं दार, सगळं डोक्यावरून गेलं. तेवढ्यात पुढचं दार धाडकन उघडलं. वारा घरात घुसला आणि आतून छपराला ढकलू लागला. बाबा एका पायावर उभे राहून दाराला पाठ लावत होते. त्यांच्याच्याने ते लागेना.

"दोर सोडा आणि आत या दोघी," आई ओरडली आणि दाराकडे धावली.

मथीने दोर सोडला. अंबूने सोडला नाही.

छपराचा कोपरा उचलला. अंबूचे पाय जमिनीवरून सुटले. वीतभर, मग हातभर. मथीने तिच्या कमरेला मिठी मारली.

"सोड, अंबू."

"नाही. तुझं घर जाईल."

"जाऊ दे. हात सोलवटलेत तुझे."

"तुमचं घर गेलं, तर तुम्ही मला कुठे ठेवाल?"

मथीने तिचं तोंड पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मथीच्या मनात त्या क्षणी ना रिबीन होती, ना वेणी, ना घर.

"परी, दोर दे," ती म्हणाली.

तोंडाने ती दोरच म्हणाली. मनात एकच गोष्ट होती. अंबू जायला नको. काही झालं तरी ही इथंच राहायला हवी.

परीने मनातलं दिलं.

खुंटीच्या मुळाशी जमीन फुटली आणि एक वेल वर आली. हिरवीगार, लवलवती. तिने दोघींच्या घोट्यांना विळखा घातला, मग कमरेला, मग दोराला. दोरावरून सरसर छपरावर चढली. आढ्यावरून पलीकडे उतरली. घराला चहूकडून तिने असं आवळलं, जसं आई लेकराला दुपट्यात गुंडाळते. ऐन वादळात तिला फुलं आली. गुलाबी, केशरी, पांढरीशुभ्र. वारा धडका देत राहिला. पाकळ्या थरथरल्या, पण एकही गळली नाही.

दिवस मावळायच्या आत वारा दमला. आईने दार उघडलं आणि मागे धावली. बाबा भिंत धरून लंगडत आले.

कोपऱ्यात दोघी मुली एकाच वेलीत गुरफटून उभ्या होत्या. आईने मथीला सोडवू पाहिलं. वेल सुटेना. अंबूला सोडवू पाहिलं. तरी सुटेना. शेवटी तिने दोन्ही हात पसरले आणि दोघींना एकदमच कवेत घेतलं. दुसरा उपायच नव्हता.

अंबूचं तोंड आईच्या कानाशी होतं. ती हळूच म्हणाली, "आई."

"ओ," आई म्हणाली.

मथीने ते ऐकलं. आता पोटात जळेल म्हणून ती वाट पाहत राहिली. काही जळलं नाही.

वेलीचे विळखे आपोआप सैल झाले. परी फुलांमधून वर उडाली. तिच्या पंखांतून उजेड सांडत होता, आधी ज्योतीएवढा, मग घराएवढा. गवताची काडी न् काडी सोन्यासारखी झळाळली. परीने मथीच्या कपाळाला इवलंसं बोट लावलं, आणि त्या उजेडातच ती विरून गेली.