पोहण्याची परवानगी

येसूने घाटावरून हाक मारली, "पोरांनो, चला रे पाण्यात!" आणि कुणीच ओ दिली नाही. पहिल्यांदा खटकलं ते हे. मग दिसलं, पाठीला बांधून पोहायला शिकायचे सुके भोपळे वळचणीला तसेच टांगलेले.

"ताई, पोहणं आता घनश्यामशास्त्र्यांचं झालंय," धाकटी चिमी म्हणाली. "त्यांनी पोहण्यावर ग्रंथ लिहिला, राजाने शिक्का दिला. त्यांना विचारल्याशिवाय शिकायचं नाही, शिकवायचं नाही. नाहीतर कोठडी."

येसू नावाड्याची पोर, पाल चुकचुकली तरी दचकणारी. पण पुराचे दिवस तोंडावर आलेले, आणि काठावरच्या पोरांना हातसुद्धा मारता येत नव्हता. ती दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, आमच्या म्हशीपण पोहतात. त्यांनी कुणाला विचारायचं?"

"म्हशींचा विचार चालू आहे," शास्त्री गंभीरपणे म्हणाले.

राजा चंडसेन मिशीत हसला. "पोरी, दिलेला शब्द मी माझ्या तोंडाने कधी मागे घेतलेला नाही. उद्या तुझ्याच नावेतून पलीकडे जायचंय. तेवढ्या वेळात तो मागे घ्यायला लावून दाखव. नाही जमलं, तर नाव जप्त."

दुसऱ्या दिवशी नाव नदीच्या मध्यावर आली आणि येसूने तळाचं बूच उपटलं. पाणी भसाभसा आत शिरलं. शास्त्र्यांनी धोतर खोचलं, उडी मारली आणि एकटेच काठ गाठला.

"अगं, मला पोहता येत नाही!" राजा ओरडला.

"हात कसे मारायचे ते सांगितलं असतं, महाराज. पण शिकवलं तर कोठडी." तिने काठाकडे हाक दिली, "शास्त्रीबुवा, महाराजांना शिकवू का?"

"अर्ज पौर्णिमेला घेतो!" काठावरून उत्तर आलं.

"मी देतो परवानगी!"

"ती तुमच्याकडे कुठे राहिली? तुम्ही देऊन टाकलीत."

नाव बुडाली. राजा गटांगळी खाऊन वर आला. "शब्द मागे घेतला! पोहणं सगळ्यांचं!"

"मग पहिला धडा, महाराज. पाय खाली टेका."

राजाने पाय टेकले. पाणी कमरेएवढं. खाली वाळूचा उंचवटा होता. तो वाकून इतका हसला की पुन्हा नाकात पाणी गेलं. गळ्यातला कंठा काढून त्याने येसूच्या हातात ठेवला, नवी नाव कबूल केली आणि काठाकडे वळून म्हणाला, "शास्त्रीबुवा, म्हशींचा विचार आता गोठ्यात बसून करा."

येसूने ओंजळ तोंडाशी धरली. "चिमे, भोपळे काढ! चला रे पाण्यात!"

"आलो गं ताई!" आणि घाटावरून धपाधप उड्या पडल्या.