हासूबायला सापडलेलं गाव

कप्तान जेरोनिमोने खारवली गाव शोधून काढलं, तेव्हा गावातली माणसं किनाऱ्यावर जाळी सुकवत बसली होती. आपण सापडलो हे त्यांना कळलंच नाही. बिचारं वाट चुकलेलं जहाज दिसतंय, असं म्हणून त्यांनी पाण्याचे हंडे तेवढे भरून ठेवले.

फिरंगी पोटभर पाणी प्यायले आणि मग त्यांनी वाळूत एक दगडी खांब रोवला. खांबावर त्यांच्या राजाचं चिन्ह, वर क्रूस. पाद्री गास्पारने मोठ्याने प्रार्थना म्हटली. कप्तानाने टोपी काढली, पुन्हा घातली. मग गोव्याहून आणलेला दुभाषी अंतू शेणवी पुढे झाला आणि त्याने गावाला आनंदाची बातमी दिली: आजपासून हे गाव आणि ही खाडी पोर्तुगालच्या राजाची. होड्या परवानगीशिवाय समुद्रात जायच्या नाहीत. टेकाडावरचं दर्यादेवीचं ठाणं उद्या मोडायचं, कारण तिथली हवा चांगली आहे आणि चर्च शोभून दिसेल.

गावचा पाटील पदू नाखवा म्हातारा माणूस. त्याचा थोरला मुलगा वादळात गेला होता आणि त्याच्या नावाचा नारळ पदू दरवर्षी त्याच ठाण्यावर वाहायचा. त्याने हात जोडून सांगितलं की आमचे आजे-पणजे इथेच जगले आणि इथेच बुडाले, मग गाव दुसऱ्याचं कसं?

कप्तान हट्टी होता, पण उद्धट नव्हता. त्याने नीट समजावून सांगितलं. "राहणं वेगळं, शोधणं वेगळं. बेडूक विहिरीत राहतो, म्हणून विहीर त्याने शोधली असं होत नाही. आमच्याआधी कोणी हे गाव शोधलं असेल, तर त्याच्या राजमुद्रेचा दगड उद्या दुपारपर्यंत दाखवा. मी खांब उपटून निघून जाईन."

कोळीवाड्यात अक्षर ओळखणारा माणूस नव्हता, तिथे राजमुद्रा कुठून आणायची? 

पदूची विधवा सून हासूबाय मासळी विकायची. घासाघीस करण्यात तिचा हात धरणारं त्या किनाऱ्यावर कोणी नव्हतं. ती अंतूला म्हणाली, "शोधायचं कसं असतं, एवढं विचार त्याला."

कप्तानाने हौसेने सांगितलं. जागा आधी आपल्या नजरेला पडली पाहिजे, तिथे आपल्या देवाचा दगड बसवायचा आणि आपली प्रार्थना म्हणायची. तिथल्या लोकांना विचारावं लागतं का, असं हासूबायने विचारलं. नाही, म्हणे. प्रार्थना त्यांना समजायला हवी का? तीही गरज नाही. आणि त्यांनी आरडाओरडा केला तर?

"करतातच," कप्तान म्हणाला. "त्याने कायदा बदलत नाही."

संध्याकाळी पाद्रीने प्रवचन दिलं. अर्धी दुनिया पोपमहाराजांनी रेघ मारून आमच्या राजाला दिली आहे, असं तो म्हणाला. मग तो रडायलाच लागला. तिकडे आमच्या मुलखात, उत्तरेला, राज्यंच्या राज्यं पोपमहाराजांना सोडून गेली, त्यांची वचनं मानेनाशी झाली, सगळी नरकात जाणार. म्हणून तुम्ही तरी लवकर या! हासूबाय पुढे बसून सगळं मन लावून ऐकत होती. पाद्रीला वाटलं, बाई वळणावर आली.

सकाळी ती मासळीची पाटी घेऊन होडीने जहाजावर गेली. महिनोन्महिने खारवलेलं मांस खाऊन कंटाळलेल्या खलाशांनी तिला मोठ्या प्रेमाने वर घेतलं. बांगडे संपल्यावर तिने पाटीच्या तळातून एक गोटा काढला, डोलकाठीच्या पायाशी ठेवला, त्याला तेल-शेंदूर माखला, नारळ फोडला आणि खड्या आवाजात देवीचं गाणं म्हटलं. इथली चाल असेल, असं समजून खलाशांनी खोबरं खाल्लं. दोघांनी तर टाळ्याही वाजवल्या.

दुपारी कप्तान खांबापाशी वाट पाहत उभा होता. हासूबाय आली ती रिकाम्या हातांनी.

"दगड आणलास?" कप्तानाने विचारलं.

"बसवून आले. मला एक गाव सापडलंय. लाकडाचं आहे, पाण्यावर तरंगतं. माणसं आंघोळ करत नाहीत, पण स्वभावाने गरीब आहेत. आपण कुठे आलोय हेही त्यांना ठाऊक नव्हतं, मीच सांगितलं. आता ते गाव आमच्या दर्यादेवीचं."

अंतूने तिचं बोलणं चाचरत पोचवलं. पाद्री लाल झाला. कप्तान ओरडला की ते जहाज माझं आहे, मी त्यात राहतो!

"राहणं वेगळं, शोधणं वेगळं," हासूबाय म्हणाली. "तुला आमची घरं दिसायच्या आधी आम्हाला तुझं शीड दिसलं. अख्खा कोळीवाडा साक्षीला आहे."

पाद्रीने गोटा समुद्रात फेकायचा हुकूम सोडला. खुशाल फेका, हासूबाय म्हणाली, तोच कायदा मग या खांबालाही लागेल. तेव्हा पाद्रीने शेवटचं शस्त्र काढलं. ही अर्धी दुनिया आमच्या राजाला पोपमहाराजांनी दिली आहे, तुला ते गाव कोणी दिलं?

"पाद्रीबाबा, तुझ्या पोपचं त्याच्या शेजारची माणसं ऐकेनात, हे कालच रडून सांगितलंस. जे घरच्यांना पटलं नाही, ते आमच्या गळ्यात का मारतोस?"

पाद्रीने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान मात्र ओठ दाबून आभाळाकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. अखेर त्याने विचारलं, "बरं बाई, माझं जहाज मला परत कसं मिळेल?"

"त्यात काय अवघड? ते आमच्या किनाऱ्यापासून जितकं लांब जाईल, तितकं तुझं."

कप्तान हसत सुटला, इतका की टोपी वाळूत पडली. देवीचं ठाणं आहे तिथेच राहील, असं त्याने सर्वांसमक्ष सांगितलं, खांब उपटायला माणसं लावली आणि हासूबायला नव्या शिडाचं अख्खं कापड बक्षीस दिलं. भरती चढताच जहाज निघालं. उत्तरेकडे आणखी एक गाव शोधायचं राहिलं होतं, आणि तिथल्या लोकांना अजून त्याचा पत्ता नव्हता.