चपला राखणारी परी

सात नव्हे, एकच समुद्र ओलांडून उत्पला आईबरोबर श्रीलंकेत आली होती. आठ वर्षांची, दोन वेण्यांची पोर. अंगातला पांढरा फ्रॉकही शेजारणीकडून मागून आणलेला. वर्ध्याकडच्या त्यांच्या गावातली चाळीस माणसं यात्रेला निघाली, तेव्हा विहारात दोन फुकट जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि या मायलेकींचं नशीब उघडलं. नाहीतर मजुरीवर जाणारी तिची आई शेवंताबाई विमानात कशाला बसते!

पण नशीब आलं ते डोंगराच्या पायथ्यापर्यंतच. वर निजलेले सोनेरी बुद्ध, आणि तिथे जायला पाचशे पायऱ्या. आईचा उजवा पाय दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या कामावर दगडाखाली सापडला होता. पायऱ्या बघूनच ती ओट्यावर बसली.

"तू जाय वर, माय," ती म्हणाली. "माह्या वाटचं फूल तूच वाहजो."

तिने तोंड फिरवलं, पण डोळे पुसलेले उत्पलाला दिसलेच. चार वाजता बस सुटणार होती. पुन्हा इथे त्यांना कोण आणणार होतं?

चपला काढायची जागा चाफ्याच्या बागेत होती. पांढरी, पिवळी, गुलाबी फुलं नुसती सांडली होती. उत्पलाने एक चप्पल झाडामागे ठेवली आणि दुसरी लपवायला कुंपणाकडे गेली. जोडी एका जागी ठेवली की गेलीच, हे त्यांच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कुंपणात कुणीतरी मुसमुसत होतं.

परी! करंगळीएवढी, पोपटी पंखांची, केसांत दवाचे इवले इवले मणी. कुणाच्या तरी मोठ्ठ्या चपलेच्या अंगठ्यात बसून ती रडत होती.

"या डोंगरावरच्या चपला मी राखते," परी म्हणाली. तिच्याकडे सगळ्या देशांच्या चपला येत, म्हणून तिला सगळ्या भाषा येत. "दुपारची घंटा होण्याआधी सगळ्या जोड्या जुळल्या नाहीत, तर माझे पंख गळून पडतील. आज बघावं तिथे एकेकटीच चप्पल! तुमच्याकडे सगळ्यांना एकच पाय असतो का गं?"

उत्पलाला हसू आलं आणि लाजही वाटली.

"ती आमचीच माणसं. रडू नकोस, मला त्यांच्या लपवायच्या जागा माहीत आहेत."

आधी स्वतःची जोडी जुळवून ती कामाला लागली. बसच्या चाकामागून, कुंडीआडून, फांदीच्या बेचक्यातून एकेक चप्पल निघाली. शेवटी तुळशीरामकाकांची तेवढी राहिली. त्यांनी दुसरी पिशवीत घालून वर नेली होती! दगड तव्यासारखे तापलेले. उत्पला चटके खात निम्मा डोंगर चढली.

"अवं पोरी, एक चप्पल नेऊन चोर काय करन?" काका कुरकुरले, पण चप्पल दिली.

ती खाली पोचली आणि घंटा झाली. परीने आनंदाने गिरकी घेतली.

"एक इच्छा माग. स्वतःसाठी मागायची नाही. ज्याच्यासाठी मागशील, त्याने इथे काढलेल्या चपला पुन्हा घातल्या की वरदान संपलं. हे त्याला सांगायचं नाही, आणि त्याची जोडी लपवायचीही नाही."

"माझ्या आईचा पाय बरा होऊ दे."

उत्पला ओट्याकडे धावली. "आई, चपला काढ अन् ऊठ!"

आई उठली. एक पायरी चढली, दहा चढली, शंभर चढली. कुठेही न थांबता ती वर पोचली, आपल्या हाताने फूल वाहिलं आणि मोकळेपणाने रडली. उत्पलाने एवढं आनंदी रडणं कधी पाहिलं नव्हतं.

उतरताना मात्र तिला परीची अट आठवली. चपला समोरच होत्या. एक झुडपात सरकवली तर? क्षणभर हात पुढे गेलासुद्धा. पण शब्द तो शब्द. तिने दोन्ही चपला उचलल्या आणि ओठ घट्ट मिटून आईच्या पुढ्यात ठेवल्या.

आईने पाय उचलला आणि तसाच धरला. समोरून एक म्हातारी शहाळ्यांची टोपली घेऊन येत होती. तिच्या चपलेचा पट्टा तुटला होता. तापल्या दगडावर बिचारी या पायावरून त्या पायावर नाचत होती.

"घाला, बाई," आईने चपला तिच्यापुढे सरकवल्या. "मले सवय हाये. अन् बस तं इथंच उभी हाय."

म्हातारीला मराठी कुठलं कळायला! पण चपला कळल्या. तिने हात जोडले, चपला घातल्या आणि ती निघून गेली. त्या चपला आता आईच्या पायात पुन्हा कधीच येणार नव्हत्या.

चाफ्याखाली पोपटी, गुलाबी, सोनेरी उजेड झगमगला. इवलंसं हसू ऐकू आलं आणि परी त्या उजेडात विरून गेली.

बसने हॉर्न दिला. आई कुणालाही न धरता बसमध्ये चढली, आणि वळून तिनेच उत्पलाला वर यायला हात दिला.