शेंदराखालचं पातं

एका राज्यात सिंहासन होतं, पाट होते, चौरंग होते, दारोदार ओटे होते. बसता मात्र कुणालाच येत नव्हतं. टेकावं तर अंगाला मुंग्या, उठावं तर पायाला भिंगरी. राजा अचलसेन दरबार भरवी तो फेऱ्या मारीत. त्याच्यामागे प्रधान, प्रधानामागे फिर्यादी, आणि न्हावी बापडा वस्तरा उगारून राजाच्या दाढीचा पाठलाग करी. निम्मी दाढी आज, निम्मी उद्या. पंगती उभ्याने, भजनं पळत पळत. झोप तर गाशा गुंडाळून राज्याबाहेर गेली होती. हसताय काय? पुढे ऐका.

हे सारं झालं एका दगडी पात्यापायी. राजा नदीवर स्नानाला गेला, तिथे वाळूत त्याला बाणाचं पातं सापडलं, अंगठ्याएवढं. त्या राज्याची रीत अशी, की नदीकाठी काही गवसलं तर गवसणाऱ्याने दवंडी पिटायची : ज्याचं असेल त्याने ओळख पटवून न्यावं. पण राजाला मोठेपणाची घाई. म्हणाला, "दवंडी कसली? हा आमच्या मूळपुरुषाचा बाण! ज्याचा नेम कधी चुकला नाही, तो हा!" राजपुरोहित गंगंभट टपलेलेच होते. त्यांनी पातं देव्हाऱ्यात बसवलं आणि वर तेलात कालवलेला शेंदूर थापला. रोज नवा थर. पातं फुगत फुगत भोपळ्याएवढं झालं. लोक म्हणाले, देव वाढतोय!

देव वाढला आणि झोप उडाली. मोठी माणसं कशीबशी निभावत होती. पण राणी कुमुदिनीची लेक तान्ही. पहिला शेंदूर चढला त्या दिवसापासून तिची पापणी मिटली नव्हती. रडायचंही त्राण उरलं नव्हतं, नुसती टकटक बघायची. वैद्य पाळण्याभोवती गरगर फिरत म्हणाले, "महाराणी, माझं औषध निजलेल्या बाळाला लागू पडतं. ही निजली नाही, तर आपल्या हाती राहायची नाही."

राणीने लेकीला झोळीत बांधलं आणि तडक नदी गाठली. काठावर एक टिटवी तुरुतुरु पळत होती.

"इकडे कुठे, बाई?" टिटवीने विचारलं.

"झोप शोधायला."

"मला पुसताय? मी जन्माची जागी! आता सगळं राज्यच टिटव्यांचं झालंय, मला मेलीला कोण विचारतो? त्या डोहात जा. तिथे बसलाय."

बसलाय! राणीने डोहात डोकावलं. तळाशी जळकेतू जादूगार मांडी घालून निवांत बसला होता. अख्ख्या राज्यात बसलेला तेवढा एकच. राणीला त्याचा असा हेवा वाटला म्हणता!

"नदीने दिलेल्या वस्तूला खोटी ओळख चिकटवली," जळकेतू म्हणाला. "खरी ओळख पटेतो वस्तूला ठाव नाही, धन्याला नाही, राज्याला नाही."

"ओळख कशी पटवू?"

"तीन गोष्टी सांग. दगड कुठला, पातं कसलं, धनी कोण. एक जरी चुकली, तर तुझी लेक कायमची जागी."

राणी देव्हाऱ्याकडे धावली. गंगंभट फेऱ्या मारीत मंत्र म्हणत होते. राणी त्यांच्या बरोबरीने चालू लागली.

"भटजी, शेंदूर खरवडा."

"शिव शिव! देवाची कातडी सोलू?"

राणीने चालता चालता विचारलं, "देवाला अभ्यंग कधी घातलंत?"

"अं? राहिलंय खरं."

"बिनअंघोळीचा देव ठेवलात, भटजी? लोक काय म्हणतील!"

भटजी असे गोरेमोरे झाले की स्वतःच तेल तापवायला पळाले. राणीने देवाला कोमट तेल चोळलं, वर कढत पाणी ओतलं. थर सुटू लागले. भोपळ्याचा नारळ झाला, नारळाची सुपारी झाली, आणि तांबड्या ओघळातून मधाच्या रंगाचं पातं बाहेर आलं. राणीने ते उन्हात धरलं तर आतून उजेड आरपार. ती पुन्हा काठावर गेली. टिटवीने पायाने एक खडा उकरला, राणीने तो फोडून पाहिला तर तसाच मध, तसाच उजेड.

"दगड याच नदीचा," राणी डोहाला म्हणाली. "इथलाच अकीक."

"पहिलं खरं."

आता पातं कसलं? एव्हाना राणीच्या मागोमाग दरबारही फेऱ्या मारीत काठावर आला होता. राणीने ते बोरूला बांधलं आणि राजाच्या पट्टीच्या धनुर्धराला म्हणाली, "समोरच्या जांभळावर सोड." त्याने पळता पळता नेम धरला, बाण सोडला. बाण निघाला जांभळाकडे, वाटेत त्याचं मन बदललं, डावीकडे वळला, दरबाराला वळसा घातला आणि गंगंभटांच्या पगडीत रुतला.

"मला का?" भटजी किंचाळले.

राणीने पातं काढून निरखलं. एक बाजू जाड, एक पातळ. टोकाला झीज नाही, धारेला टवका नाही. तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी!

"हे ना लढाईचं, ना शिकारीचं. करता करता बिघडलेलं आहे. कुणी वापरलंच नाही."

"दुसरं खरं," डोह बोलला. "धनी?"

इथे राणी अडली. झोळीतलं बाळ आता टकटकही बघत नव्हतं. डोळे उघडेच, पण नजर विझत चाललेली. राणी राजाच्या आडवी उभी राहिली.

"महाराज, दवंडी तुम्ही पिटायची."

"मी? सगळ्यांदेखत? मूळपुरुषाची कीर्ती..."

"कीर्तीला अंगाई गाता येते का?"

राजाने लेकीकडे पाहिलं. मग ढोल गळ्यात अडकवला आणि काठावरून ओरडत सुटला, "बिघडलेलं पातं! दवंडी चुकवून मी ठेवून घेतलं! ज्याचं असेल त्याने ओळख पटवून न्यावं!"

वाळू हलली. तिच्यातून एक पारदर्शक म्हातारा वर आला, कमरेला कातडं, तोंडावर ओशाळं हसू.

"हळू ओरड की रे, अचल्या. माझंच आहे ते."

"आपण कोण?"

"तुझा मूळपुरुष. बायको पाती घडवायची, मी नुसते बाण मारायचो. एकदा म्हटलं, आपणही घडवून बघू." त्याने अंगठा पुढे केला. त्यावर जुना, वाकडा व्रण होता. राणीने पात्याची जाड बाजू त्याला लावली. कोर कोरीत बसली. "इथे घाव जास्त बसला. ती इतकी हसली, की मी लाजून पातं पाण्यात भिरकावलं. आणि तू त्याला अचूक म्हणून पुजलंस! तेव्हापासून मीसुद्धा बसलेलो नाही."

"धनी हा," राणी म्हणाली.

"तिन्ही खरी," जळकेतू म्हणाला, आणि डोहाचं पाणी स्वस्थ झालं.

राजाने पातं ओंजळीत घेऊन म्हाताऱ्याला दिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "आजोबा, तुमचं चुकलेलं तुम्हाला पोचलं. माझं चुकलेलं मी कबूल केलं." म्हाताऱ्याने पातं मुठीत मिटलं, हाऽश् करून वाळूत बसला आणि वाळूच झाला.

तत्क्षणी सगळं राज्य धप्पकन खाली बसलं. प्रधान चिखलात, भटजी काटेरिंगणीवर, न्हावी राजाच्या पायाशी. जो जिथे होता तो तिथे, आणि बसल्या जागी घोरू लागला.

राणी तेवढी उभी होती. खांद्यावर लेकीचं डोकं जड झालं होतं. पापण्या मिटलेल्या, मूठ सैल, श्वास संथ. बसलं तर ती जागी होईल, म्हणून राणी हलेना. राजा झोपेने डोलत होता, तरी तो रांगत आला, राणीच्या मागे पाठ वाकवून ओणवा झाला आणि कुजबुजला, "टेक सावकाश. मी हलणार नाही."

राणी राजाच्या पाठीवर अलगद टेकली. बाळ जागं झालं नाही.

तिथे अवघं राज्य निजलं, ते पोटभर निजून उठलं आणि सुखाने नांदलं. तुमच्या घरात कुणी निजलं असेल, तर ही गोष्ट हळू वाचा. जाग आली तर अंगाई तुम्ही गायची.