चमचाभर विरजण

एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्याच शिष्याचं दूध बंद केलं. दूध म्हणजे सगळंच आलं: दही, ताक, लोणी, खरवस, झालंच तर सणावारी भातावर पडणारी तुपाची धार. शिष्याचं नाव तुळाजी. वय चाळिशीच्या पुढचं, आणि त्यातली बारा वर्षं गुरूंच्या हाताखाली औषधं कुटण्यात गेलेली. पोटाने त्याचा वर्षभर छळ मांडला होता. पथ्य सुरू झालं आणि पंधरा दिवसांत पोट निवलं. खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पोट निवलं म्हणून माणूस निवतो, असं थोडंच आहे?

तुळाजी राहत होता गवळ्यांच्या वस्तीत. अशा वस्तीत माणसं एकमेकांच्या घरी जातात ती दुधाच्या निमित्ताने. म्हैस व्याली की शेजारी खरवस जातो. ताक घुसळलं की कोणीही तांब्या घेऊन यावं. ताक कोणी विकत नाही आणि कोणी नाकारतही नाही. दिवेलागणीला कोणाचं ना कोणाचं विरजण मोडलेलं असतंच. मग वाटी घेऊन शेजारी जायचं, चमचाभर दही मागायचं आणि त्या चमच्यापायी घटकाभर गप्पा मारून यायचं. तुळाजीची बायको होती तेव्हा अर्धी वस्ती तिच्याकडे विरजणाला यायची. ती गेल्यावरही तीन वर्षं त्याने तिचं विरजण मोडू दिलं नव्हतं. पथ्य लागलं तेव्हा म्हैस मेव्हण्याकडे गेली आणि विरजणाचं गाडगंही म्हशीमागोमाग गेलं. हे सगळं कशापायी, ते मात्र त्याने कोणालाच सांगितलं नाही.

तिथेच चुकलं. शेजारच्या साळूबाईंनी खरवस पाठवला, तर हा म्हणाला, "आज उपास आहे." बारशाचं जेवण आलं, उपास. जावळाचं आलं, उपास. "एवढे उपास तर देवसुद्धा करत नसेल!" असं साळूबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी पाठवायची बंद केली. वस्तीने मनाशी ठरवून टाकलं की तुळाजीला शिंगं फुटली. वैद्यकी शिकला, आता गवळ्याच्या घरचं कसं गोड लागेल? विरजणाला यायला तर आता कारणच उरलं नव्हतं. तो कोरडी भाकरी चटणीशी खायचा, आणि तिन्हीसांजेला पलीकडच्या घरांतून वाट्यांची, हसण्याची चाहूल आली की उठून आपलं दार लोटून घ्यायचा. चैत्र लागला की वस्ती सोडून जायचं, हे त्याने मनात पक्कं केलं. कुठे जायचं ते मात्र ठरत नव्हतं, कारण त्याची वाट पाहणारं कुठेच कोणी नव्हतं.

हे त्याने गुरूंना सांगितलं. गुरुजी "बरं" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या सुमारास दारावर थाप पडली. किती महिन्यांनी पडली ती थाप! तुळाजी धावतच गेला. दारात वैद्यबुवा, हातात पितळेची वाटी.

"तुळाजी, चमचाभर विरजण दे रे."

तुळाजीला वाटलं, ऐकण्यात चुकलं. "बुवा, माझ्याकडे कुठलं विरजण? तुम्हीच तर बंद केलंत!"

"नाही? बरं, उद्या येतो."

आणि खरंच आले. परवाही आले. रोज तीच वेळ, तीच वाटी, तेच मागणं. म्हातारा काठी टेकत दोन ओढे ओलांडून यायचा आणि रिकाम्या वाटीने परत जायचा. वस्ती दारादारांतून पाहत होती. कोणी म्हणालं, बुवांना म्हातारचळ लागला. तुळाजीला मेल्याहून मेल्यासारखं होई. आपलं उणं होतं ते निदान दाराआड होतं, आता रोज चव्हाट्यावर येऊ लागलं.

सहाव्या दिवशी त्याचा तोल गेला. "बुवा, का माझी शोभा करता? पंचवीस घरं आहेत इथे, घरोघरी विरजण आहे. ज्याच्याकडे नाही त्याच्याच दारात का येता?"

"त्यांच्याकडे आहे, हे मला ठाऊक आहे," बुवा शांतपणे म्हणाले. "तुझ्याकडे काय आहे, ते तू अजून पाहिलेलं नाहीस. उद्या येतो."

तुळाजी संतापाने पाय आपटत घरात आला. म्हाताऱ्याच्या वाटीत एकदा काहीतरी घालायचं आणि हा छळ संपवायचा! घरात होतं काय? मडकंभर शेंगदाणे. त्याने ते भिजत घातले, औषधाच्या पाट्यावर गंधासारखे वाटले, पाणी घालून फडक्यातून पिळले. पांढरंशुभ्र दूध निघालं. त्याने ते उकळून कोमट केलं आणि थबकला. विरजण लावायचं कशाचं? आणि मग त्याला बायकोचं बोलणं आठवलं. विरजण मोडलं की ती हसून म्हणायची, "घाबरता काय? मिरचीची देठं टाका चार, ती लावतात दही." किती दिवसांनी तिचा आवाज त्या घरात आला! तुळाजी मिरच्यांची देठं खुडता खुडता रडला.

पहिलं दही पाणचट झालं. कुत्र्यापुढे ठेवलं, तर कुत्र्यानेही हुंगून तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी बुवा रिकामेच गेले, पण तुळाजी म्हणाला, "उद्या या." दुसरं चिकट झालं. तिसऱ्या खेपेला मात्र गाडगं कलतं केलं तरी दही हललं नाही.

बुवांनी बोटभर चाखलं. तुळाजी खाली मान घालून म्हणाला, "म्हशीच्या दह्याची सर नाही. दाण्यांचा वास येतो."

"दाण्यांना दाण्यांचाच वास यायचा. यात म्हशीला कशाला ओढतोस? सोन्यासारखं दही लागलंय. फोडणी दे, कढी कर, भातावर घे." मग ते ओटीवर बसले. रोजच्यासारखी वाटी त्यांनी पुढे केली नाही. "तुळाजी, मी तुला पोटाचं पथ्य सांगितलं होतं. माणसांचं कधी सांगितलं रे?"

तुळाजी त्यांच्यासमोर पायरीवर टेकला.

"दूध चालत नाही, एवढं दोन शब्दांत सांगायचं होतं. तू उपासाचं खोटं पुढे केलंस आणि पदार्थाबरोबर माणसांनाही पानातून वगळलंस. मागणारं कोणी आलं नाही, की आपल्यापाशी देण्यासारखं काय आहे हे माणूस धुंडाळतही नाही. म्हणून मी मागायला आलो. आणि असं पोट वस्तीत तुझं एकट्याचंच आहे, हे कशावरून? कोणाचं, ते मी सांगणार नाही. वैद्याने दुसऱ्याचं दुखणं वेशीवर टांगू नये. तू दार तेवढं उघडं ठेव."

काठी टेकत बुवा गेले. वाटी त्यांनी ओटीवरच ठेवली होती.

दुसऱ्या सकाळी तुळाजी साळूबाईंच्या अंगणात गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. साळूबाई आधी कडाडल्या, "मेल्या, मग आधी नाही सांगायचंस? आम्ही काय परके?" आणि मग पदराने डोळे पुसत आत वळल्या. दाराआड त्यांची नवी सून मैना उभी होती. ती सगळं ऐकत होती.

त्या संध्याकाळी तुळाजीने दार लोटलं नाही. दिवा लावून तो ओटीवर बसला. बुवा काही आले नाहीत. बऱ्याच वेळाने कुंपणापाशी पाऊल वाजलं. मैना होती. एक हात पदराखाली. इकडचं विचारलं, तिकडचं विचारलं, हवा कशी आहे तेही बोलून झालं. मुद्द्यावर काही येईना.

"पोरी," तुळाजी म्हणाला, "ताकाला आलीस ना? मग भांडं कशाला लपवतेस?"

पदराखालून वाटी बाहेर आली. "मामा, मला पण नाही सोसत," ती अगदी हळू म्हणाली. "लग्न झाल्यापासून. एका बुवांना तेवढं ठाऊक आहे. गवळ्याच्या घरची सून, घरात सांगू कोणाला? वाटीतलं मांजरीला घालते आणि कोरडी भाकरी खाते. तिथे, तुमच्या भिंतीलगत."

तुळाजीने त्या मातीच्या भिंतीकडे पाहिलं. आठ महिने तिच्या अलीकडे तो आणि पलीकडे ही पोर, दोघंही एकेकटी कोरडी भाकरी चावत बसली होती. मध्ये वीतभर माती.

त्याने मैनाची वाटी काठोकाठ भरली. चमचाभर आपल्यापुरतं मागे ठेवलं, उद्याच्या विरजणाला.