टिटवीचा कोपरा

माळावर माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. तिथे सशांचा फुटबॉल क्लब होता. मैदानाच्या कोपऱ्यात एक टिटवी दरवर्षी खड्यांमध्ये अंडी घालायची आणि ससे तेवढा कोपरा सोडून धावायचे.

एकदा क्लबचा म्होरक्या म्हणाला, "टेकडीपलीकडे मोठं स्टेडियम करू. इथे बेघरांसाठी बिळं खोदू."

अर्धा माळ खूश झाला, अर्धा भडकला. सभेत टिटवी तावातावाने ओरडली, "मला झाडावर बसता येत नाही. मी कुठे जाऊ?"

तेवढ्यात दोन पिल्लांना घेऊन साळिंदरीण पुढे आली. पुरात तिचं बीळ वाहून गेलं होतं.

"टिटवीताई, मीही तेच विचारायला आलेय," ती हळूच म्हणाली.

मत देताना टिटवीने योजनेच्या बाजूने पंख उचलला.

नव्या स्टेडियमात तिला जागा मिळाली, पण तिथली माती तिला परकीच राहिली. रोज संध्याकाळी ती जुन्या मैदानावर येऊन घिरट्या घालायची.

"आई, ही काय शोधते गं?" साळिंदराच्या पिल्लाने विचारलं.

"तिचं घर," आई म्हणाली. मग पिल्लांना बाजूला घेऊन तिने टिटवीला उतरायला जागा करून दिली.