धोंड्यावरची येसू

एकदा काय झालं, मंगळाच्याही पलीकडे, जिथं दगडांची अख्खी जत्रा सूर्याभोवती फिरते ना, तिथं एक धोंडा होता. एवढुसा, आपल्या गावाएवढा. त्यावर ना झाड, ना ओढा. तिथं येसू आणि तिचा नवरा कोंडाजी राहायचे. खाचाखाचांत नाचणी पेरायचे, भाकऱ्या भाजायचे. पण चालायचं ते जपून, बरं का! तिथं जोरात उडी मारली की माणूस खाली येतच नसे.

आणि तसंच झालं. येसूच्या हातून गाडगं सुटलं नि वर वर जायला लागलं. ती ओरडली, "अहो, धरा ना ते!" कोंडाजीनं मागचापुढचा विचार न करता उडी घेतली. गाडगं हाती लागलं नाही, आणि तो खाली आला नाही.

मग येसूनं दोर फेकला. तोकडा पडला. मग शेजारून एक भलाथोरला धोंडा चालला होता, त्याला हात जोडले. "बाबा, माझ्या माणसाला अडव रे!" तो आपल्याच नादात निघून गेला. मग तिनं होतं नव्हतं ते तेल घालून दिवा लावला, त्याला घर दिसावं म्हणून. तेल संपलं. कोंडाजी आधी वाटाण्याएवढा दिसत होता, मग मोहरीएवढा. मग दिसेना.

येसूनं पेरणं सोडलं, चूल सोडली. "मीच म्हटलं, धरा," असं पुटपुटत दगडाला गाल लावून पडून राहायची. पुढं तेही थांबलं. धोंडा सूर्याभोवती फिरत राहिला. पुन्हा फिरला. पुन्हा. तिचे केस पांढरे झाले, डोळ्यांतलं पाणी आटलं. तिला कोंडाजीचा चेहराही आठवेना.

रडू नकोस गं, ऐक पुढं.

कोंडाजीही सूर्याभोवतीच फिरत होता. त्याची वाट जरा लांबची, एवढंच. फिरता फिरता एकदा दोन्ही वाटा भिडल्या, आणि एक म्हातारा अलगद येसूच्या पुढ्यात उतरला. तिनं ओळखलं नाही. तो म्हणाला, "येसू, भूक लागलीय गं."

आवाज मात्र तोच! घरात मूठभर बियाण्याखेरीज दाणा नव्हता. ती भिंतीला धरून उठली.

"बसा," म्हणाली. "पेरते."

मग नाचणी आली, भाकरी झाली. तरुणपण गेलं ते गेलंच. पण उरलेले दिवस ती दोघं हातात हात धरून सुखानं राहिली. आता मिट बघू डोळे.